अर्धवट बसलेली पिन

“टॅबलेटला काही जोडायचं असलं ना, तर आधी त्याच्या भोकात डोकावून बघावं,” असं पाकेंनी योरिंडेला सांगितलं होतं. अगदी स्वयंपाकघरात समोर उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, फळ्यापुढे उभे राहायचे तसे उभे राहून सांगितलं होतं. “न बसलेली पिन परवडली गं. ती निदान गप्प असते. अर्धवट बसलेली पिन खोटं बोलते.”

“हो पाके,” योरिंडे म्हणाली. हवामानाचा अंदाज ऐकून आपण ‘हो का’ म्हणतो आणि छत्री न घेता बाहेर पडतो, त्यातलं हे ‘हो पाके’ होतं.

पाके म्हणजे तिचे सासरे खेरलोफ, गणिताचे निवृत्त मास्तर. इकडच्या बोलीत पाके म्हणजे आजोबा. नात फेन्ने जन्मली त्या दिवसापासून सगळं घर त्यांना पाकेच म्हणू लागलं होतं. त्यांची सख्खी थोरली बहीण आउकेसुद्धा. बुधवार हा पाकेंचा वार. योरिंडे आणि तिचा नवरा शूर्ड कामाला जात आणि पाके सायकलवरून येऊन नातीचा ताबा घेत. दिवसभर दोघं काय करत ते कुणालाच नीटसं माहीत नव्हतं; पण संध्याकाळी दोघांच्याही गुडघ्यांना चिखल असायचा आणि दोघंही एकमेकांकडे बघून हसत असायची.

त्या दिवशी टेबलावर जे पार्सल उघडं पडलं होतं, त्यात कान बघायचा कॅमेरा होता. पेनाएवढी दांडी, टोकाला मोहरीएवढा डोळा, त्याभोवती बारीक दिवे आणि मागे लांबलचक वायर. वायरीची पिन टॅबलेटात घातली की कानाचा बोगदा दिवाणखान्याएवढा मोठा होऊन पडद्यावर येतो, अशी जाहिरात होती. योरिंडे पाणी-व्यवस्थापनात पदवीधर होती. बंधाऱ्याला कुठे पाझर लागलाय हे ती नकाशावरून सांगायची. पण आपल्याच पोरीच्या डोक्यात काय चाललंय, ते तिला कळत नव्हतं.

कारण फेन्ने हाकेला ओ देत नव्हती.

चौदा महिन्यांची पोर. “फेन्ने!” म्हटलं की वळायची नाही. “फेन्नेऽऽ!” म्हटलं तरी नाही. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, “तिला काम असतं हो.” डॉक्टर म्हणाले, “वाट बघू.” वाट बघणं हे त्या गावातलं मुख्य औषध. दुसरं औषध पॅरासिटामॉल. योरिंडेला दोन्ही नको होती. तिला पुरावा हवा होता, आणि तो पुरावा ती कॅमेऱ्यानं काढणार होती.

फेन्नेचं काम म्हणजे भोकं भरणं. भोक दिसलं की ती ते रिकामं ठेवायची नाही. शूर्डच्या बासरीत वाटाणे सापडले होते. वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात मनुके सापडले होते. दाराला टपालासाठी जी फट असते तिच्यातून योरिंडेच्या ऑफिसचं ओळखपत्र बाहेर पडून पार कालव्याच्या कडेला गेलं होतं.

“हिनं स्वतःच्या कानात काही घातलं असेल तर?” योरिंडेनं विचारलं.

पाके काही बोलले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत डाव्या कानाची पाळी चोळत होते.

“पाके, मी तुमच्याशी बोलतेय.”

तरीही नाही. ती वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला गेली तेव्हा ते दचकले. “अगं, कधी आलीस?”

हेही हल्लीचंच होतं. महिनाभरापूर्वी नणंदेला, हिस्केला, मुलगा झाला. साधारण तेव्हापासून पाकेही हाकेला ओ देईनासे झाले होते. बुधवारी फोन केला तर उचलत नसत. एकदा फेन्ने वरच्या खोलीत उठून रडत होती आणि ते खाली शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. घरात ओ न देणारी माणसं दोन झाली. त्यातल्या एकीची सगळ्यांना काळजी लागली. दुसऱ्याबद्दल सगळ्यांनी निर्णय घेतला: पुढच्या महिन्यापासून बुधवारी फेन्ने पाळणाघरात. फक्त पाकेंना सांगायचं तेवढं राहिलं होतं आणि त्यासाठी रविवार ठरला होता. रविवारी शूर्डचा वाढदिवस होता.

वाढदिवस म्हणजे खुर्च्यांचं रिंगण. भिंतीला लावून सगळ्या खुर्च्या मांडायच्या, आलेल्यानं सगळ्यांशी हात मिळवत फिरायचं आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. शूर्डचं शूर्डच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, त्याच्या बायकोचंही त्याबद्दलच, बहिणीचंही, आत्याचंही. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. दुसरा तुकडा मागणारं माणूस त्या घराण्यात अजून जन्मायचं होतं.

पाके कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, डावा कान रिंगणाकडे करून. केकचा तुकडा संपवून त्यांनी डोळे मिटले होते.

“झोपले,” हिस्के म्हणाली. तिच्या मांडीवर तान्हा ट्यालिंगही झोपला होता. “आता कॉफी झाली की सांगून टाक, शूर्ड.”

“मी का? वाढदिवस माझा आहे.”

“म्हणूनच. वाढदिवसाच्या मुलावर कुणी रागवत नाही.”

“तू थोरली आहेस.”

“मी बाळंतीण आहे.”

“मी सांगू का?” आउके आत्या म्हणाली. “मी त्याची बहीण आहे. लहानपणी त्याला कितीतरी वाईट बातम्या मीच दिल्यात.”

“नको,” दोघं एकदम म्हणाली.

योरिंडेला हा विषय तिथेच थांबायला हवा होता. कारण बुधवार काढून घ्यायचा असं ठरवताना तिनंही मान हलवली होती, आणि ती मान तेव्हापासून जरा दुखत होती. ती उठली आणि कपाटातून कॅमेरा आणि टॅबलेट घेऊन आली. “फेन्नेचा कान बघायचाय. आधी जरा मोठ्यांवर सराव करते.”

वाढदिवसाच्या रिंगणात बोलायचे विषय संपलेले असतात. त्यामुळे कान हा विषय सगळ्यांनी आनंदानं उचलला. आउके आत्यानं तर कर्णफुलं काढून पर्समध्ये ठेवली. “आधी माझा. मोठ्या माणसांचा मान.”

पिन घातली तर ती आत जाऊन मऊशा कशावर तरी टेकली आणि तिथेच थांबली. टक असा आवाज यायला हवा होता, तो काही आला नाही. योरिंडेनं जोर लावला. चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. तिनं पिन अंगठ्यानं दाबून धरली, मग शूर्डनं केसांचं रबर आणून टॅबलेटभोवती गुंडाळलं. आता चित्र टिकलं. आत्याचा कान बघून झाला; “स्वच्छ आहे,” सगळ्यांनी निवाडा दिला. शूर्डचा झाला. त्यात बाहेरच इतकं जंगल होतं की आत जायची कुणाची हिंमत झाली नाही.

“आता पाके,” हिस्के म्हणाली. “झोपलेत तोवर बघून घे.”

योरिंडेनं पाकेंच्या डाव्या कानाच्या तोंडाशी कॅमेरा धरला. त्याच क्षणी तिच्या नजरेच्या कडेला, केकच्या टेबलाखालून एक छोटा हात वर आला. फेन्ने टेबलाच्या काठाला लोंबकळून केकच्या दिशेनं चढत होती, आणि ताटली तिच्याकडे सरकत होती.

“फेन्ने!”

फेन्ने वळली नाही. योरिंडे धावली. कॅमेरा हातात, वायर ताणलेली, टॅबलेट खुर्चीवरून घसरलेला, तो आत्यानं पोटावर झेलला. केक वाचला. पोर सापडली. दोघींच्याही हातांना क्रीम लागलं. पडद्याकडे मात्र एवढ्या गडबडीत कुणाचंच लक्ष नव्हतं.

“आता आलीच आहेस मांडीवर, तर बस,” योरिंडे म्हणाली. तिनं दांडीचं टोक पोरीच्या कानाच्या दारात धरलं, आत मुळीच नाही, आणि मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर एक गुलाबी बोगदा होता. बोगद्याच्या तोंडाशी काही काळे दोर होते. आणि आत, मेणासारख्या पिवळ्या चिखलात रुतून बसलेला, एक निळा गोळा होता.

रिंगण पुढे झुकलं.

“हे दोर कसले?” शूर्डनं विचारलं.

“लव असेल,” योरिंडे म्हणाली.

“आमच्या घराण्यात केस दाट,” शूर्ड म्हणाला. अशाही वेळी त्याला अभिमान वाटला.

“पण पोरीचं कौतुक हं,” आउके आत्या म्हणाली. “एवढी वळवळतेय, लाथा मारतेय, आणि कान बघा किती स्थिर धरलाय! जरासुद्धा हलत नाही.”

सगळ्यांनी पाहिलं. खरंच हलत नव्हता. सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसरं काही कुणाला वाटलं नाही.

“उंदीर आहे तो!” हिस्के अचानक ओरडली. “माझ्या ट्यालिंगचा उंदीर!”

इकडे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या साखरगोळ्या पेरून देतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा असेल तर निळ्या-पांढऱ्या. गोळीतून बडीशेपेचं देठ शेपटीसारखं डोकावतं, म्हणून त्यांना उंदीर म्हणायचं. हिस्केकडे महिन्यापूर्वी बाळ बघायला सगळी गेली तेव्हा फेन्ने त्या उंदरांच्या वाटीपाशी किती वेळ एकटीच होती, हे योरिंडेला आता लख्ख आठवलं.

“मी म्हणत होते!” ती म्हणाली. “मी म्हणत होते ना! तिला ऐकूच येत नव्हतं! सगळे म्हणे वाट बघा, वाट बघा!” आणि आपलं म्हणणं बरोबर निघाल्याच्या आनंदात तिला रडू फुटलं.

“अगं रडू नकोस, फोटो काढ,” हिस्के म्हणाली. “डॉक्टरला दाखवायला लागेल.”

“त्यात बॅटरी संपत आलीय,” शूर्ड म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात लाल रेघ लुकलुकत होती. “चार्जरला लाव.”

“कुठे लावू? चार्जिंगच्या भोकात कॅमेरा आहे.”

“कॅमेरा काढ.”

“काढला तर उंदीर जाईल!”

“थांब,” शूर्ड म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात एक चपटी डबी होती आणि चेहऱ्यावर विजय होता. “ही बघ. एका भोकाची चार भोकं होतात हिनं. चार्जर पण लागेल, कॅमेरा पण लागेल.”

“आणि ही डबी कुठे लावायची?” आउके आत्यानं विचारलं.

शूर्डनं डबीकडे पाहिलं, टॅबलेटकडे पाहिलं. “त्याच भोकात,” तो जरा वेळानं म्हणाला आणि डबी खिशात ठेवून खाली बसला.

शेवटी हिस्केनं आपल्या फोननं पडद्याचाच फोटो काढला. पहिल्यात दिव्याचा गोळा आला. दुसऱ्यात आत्याचं नाक आलं. तिसऱ्यात एकदाचा उंदीर आला, पण योरिंडेचं समाधान होईना. फोटो तो फोटो. मूळ पुरावा टॅबलेटातच राहायला हवा, वायरीसकट, रबरासकट, जसाच्या तसा.

रविवारी डॉक्टरला गाठायचं तर आधी फोनवरच्या बाईंना गाठावं लागतं. त्यांचं काम माणसांना घरी बसवणं.

“माझ्या मुलीच्या कानात उंदीर आहे,” योरिंडे म्हणाली.

“निळा की गुलाबी?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“निळा.”

“अभिनंदन. कुणाला झाला मुलगा?”

“नणंदेला. अहो, पण—”

“ताप आहे?”

“नाही.”

“रडतेय?”

“नाही. क्रीम चाटतेय.”

“मग पॅरासिटामॉल द्या आणि दोन दिवस वाट—”

“माझ्याकडे फोटो आहे!”

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. पुरावा असलेली आई ही बाईंच्या यादीतली शेवटची पायरी असावी. “या मग,” त्या म्हणाल्या.

आता प्रश्न होता टॅबलेट कुणी धरायचा. शूर्ड गाडी चालवणार, योरिंडेच्या मांडीवर फेन्ने, हिस्केचा ट्यालिंग भुकेनं उठलेला, आणि आत्याचे हात कॉफीच्या कपासकट थरथरत. घरात सगळ्यात स्थिर हात एकाच माणसाचे होते. पाकेंना हलवून जागं केलं आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला.

“हलवू नका. काही झालं तरी हलवू नका,” योरिंडे म्हणाली.

“काय आहे हे?” पाकेंनी विचारलं, पण तोवर सगळी बुटांच्या नाड्या बांधायला पळाली होती.

गाडीत पाके शूर्डच्या शेजारी बसले, मांडीवर टॅबलेट सपाट धरून, भरल्या ताटासारखा. शूर्डनं रस्ताभर सगळी हकीकत त्यांना सांगितली: उंदीर, हिस्केकडची वाटी, फेन्नेचा कान, फोनवरच्या बाई. इकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे ती सगळी त्यानं पाकेंच्या डाव्या बाजूला बसून सांगितली. पाके समोर बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “हो, वारा आहे खरा.”

“बघितलंस?” शूर्ड आरशातून बायकोला म्हणाला. “आता तूच सांग, बुधवारी हिला यांच्यावर सोपवायचं कसं?”

पाके मान खाली घालून टॅबलेटची कडा न्याहाळत होते. “ही पिन अर्धवट बसलीय,” ते म्हणाले.

“हात लावू नका पाके!” ती मागून किंचाळली.

“लावत नाही. नुसतं सांगतोय.”

इस्पितळाच्या दाराशी शूर्डनं तिघांना उतरवलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत गेला तो गेलाच. डॉक्टर हूकेमा नावाच्या बाई होत्या, उंच, पिकल्या केसांच्या, आणि रविवारच्या. त्यांनी आधी टॅबलेटकडे पाहिलंच नाही. फेन्नेला उचलून मांडीवर घेतलं, हातात लाकडी पट्टी दिली, आणि आपल्या साध्याशा नळीतून एका कानात डोकावल्या. मग दुसऱ्या कानात. मग पुन्हा पहिल्या.

त्या खोलीत योरिंडेला जगातली एकच गोष्ट हवी होती.

“छान कान आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन्ही.”

“आणि उंदीर?”

“उंदीर नाही.”

“असं कसं? आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पाके, दाखवा ना.”

पाके दाराजवळच्या खुर्चीत टॅबलेट धरून बसले होते, डावी बाजू तिच्याकडे. ते हलले नाहीत. त्यांना हलू नका असंच सांगितलेलं होतं. योरिंडेनं त्यांच्या हातातून टॅबलेट घेतला आणि डॉक्टरांपुढे धरला. लाल रेघ अजून लुकलुकत होती. उंदीर जागच्या जागी होता.

डॉक्टरांनी चष्मा लावला. चित्र बघितलं, फेन्नेकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

“मुलीचं वय काय म्हणालात?”

“चौदा महिने.”

“मग हे केस तिला फारच लवकर आलेत.”

“आमच्या यांच्या घराण्यात—”

“बाई,” डॉक्टर म्हणाल्या, “हा कान निदान सत्तरीचा आहे.” त्यांनी वायर उचलली, दांडीच्या टोकापुढे स्वतःचा तळहात धरला. पडद्यावर तळहात आला नाही. बोगदाच राहिला, दोर राहिले, उंदीर राहिला. “तुमचं चित्र गोठलंय. हे आत्ताचं नाही, आधीचं आहे. मुलीच्या अगोदर कुणाचा कान बघत होतात?”

आउके आत्याचं वाक्य योरिंडेच्या डोक्यात घंटेसारखं वाजलं. कान किती स्थिर धरलाय! झोपलेल्या माणसाचा कान स्थिर नाही तर काय नाचणार? ती हळूहळू दाराकडे वळली.

“पाके,” तिनं हाक मारली.

पाके वळले नाहीत.

फेन्ने वळली. लाकडी पट्टी टाकून, गर्रकन, हाक ऐकताक्षणी ती वळली, आजोबांकडे बघून सगळे दात दाखवून हसली, आणि एक बोट उचलून तिनं ते आपल्याच कानाला लावलं. काम चोख झालंय की नाही हे तपासायला आलेल्या मुकादमासारखं.

“हिला ऐकू येतं!” योरिंडे म्हणाली.

“अगदी उत्तम,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला तिचं नाव ऐकायचा कंटाळा आला असेल. दिवसातून किती वेळा घेता?”

उंदीर काढायला फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी एक बारीक आकडा घेतला, पाकेंना उजव्या बाजूनं नीट समजावलं, आणि पाके गुणी मुलासारखे बसून राहिले. महिनाभर कानात राहून उंदराची साखर अर्धी विरली होती आणि बाकीची मळात घट्ट बसली होती. शेपटी मात्र शाबूत होती. डॉक्टरांनी तो कापसावर ठेवला. फेन्नेनं तो ओळखला आणि मागितला. तो तिला मिळाला नाही.

पाके भिंतीकडे बघत होते. “हे घड्याळ नेहमीच एवढ्यानं वाजतं?” त्यांनी विचारलं.

“नेहमीच,” डॉक्टर म्हणाल्या. मग योरिंडेकडे वळून, “आणि तो कॅमेरा बाळाच्या कानाजवळ पुन्हा न्यायचा नाही. आज दारातच थांबलात, नशीब. बंधारे बघायला वापरा.”

बाहेर व्हरांड्यात शूर्डचा पत्ता नव्हता. तिघं बाकावर बसली. योरिंडे मुद्दाम पाकेंच्या डाव्या हाताला बसली.

“कसा राहिला हो तुमच्या लक्षात न येता?”

“आला की. हिस्केकडे ही माझ्या खांद्यावर बसली होती आणि माझा डोळा लागला होता. उठलो तर एक बाजू बंद. मला वाटलं, वय. सगळ्यांनाच वाटलं, वय. सगळ्यांचं एकमत झाल्यावर मी काय बोलणार?” त्यांनी फेन्नेचा क्रीम लागलेला हात रुमालानं पुसला. “उजवा कान मात्र चांगला होता गं. माणूस बहिरा आहे असं ठरलं की लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात, आवाजसुद्धा कमी करत नाहीत.”

योरिंडेला आपल्या मानेची जागा पुन्हा जाणवली.

“म्हणजे दुपारी तुम्ही...”

“झोपलो नव्हतो. हिस्के चूक बोलली. वाढदिवसाच्या मुलावर रागावता येतं. मी रागावणारच होतो. पण तो सांगेल तर ना. तेवढ्यात तू कॅमेरा घेऊन आलीस.” त्यांनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला. “पाळणाघर चांगलं आहे का?”

“असेल,” ती म्हणाली. “तिथे चिखल नाही.”

“मग हिचं कसं होणार?”

“तेच ना,” योरिंडे म्हणाली. “तुम्ही बुधवारी या पाके. हा बुधवार, पुढचा बुधवार, सगळे. मी सांगते त्या दोघांना. वाढदिवस माझा नाही, पण मला सांगता येतं.”

पाकेंनी मान हलवली आणि पुन्हा डाव्या कानाची पाळी चोळली. या वेळी त्यात काही अडलेलं नव्हतं, जुनी सवय.

घरी आल्यावर त्यांनी टॅबलेट बंद केला, रबर काढलं, पिन उपसली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि भोकात डोकावले. मग दात कोरायची लाकडी काडी मागून घेऊन त्यांनी हलक्या हातानं आत फिरवली. टेबलावर आधी टोस्टचा चुरा पडला, मग लोण्यानं चिकटलेला आणखी चुरा, आणि शेवटी निळ्या साखरेचं एक बारीक ढेकूळ.

“हिस्केकडे टॅबलेट नेला होतास ना, बाळाचे फोटो काढायला?” ते योरिंडेला म्हणाले. “पोरीनं दोन्ही भोकं एकाच दिवशी भरली. काम अर्धवट ठेवलं नाही.”

शूर्डनं पिन घातली. टक असा आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू आला, आणि पाकेंचा चेहरा त्या आवाजानं असा खुलला, की आउके आत्यानं त्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा केकचा दुसरा तुकडा कापला आणि भावाच्या ताटलीत ठेवला.

“फेन्ने!” योरिंडेनं हाक मारली. फेन्ने वळली नाही. ती शूर्डच्या बुटात काहीतरी ठेवत होती. योरिंडे स्वयंपाकघरात गेली आणि तिनं बिस्किटांच्या डब्याचं झाकण अगदी हळू, हवेचा आवाज होईल इतकंच उघडलं. फेन्ने दारात हजर होती. योरिंडेनं तिला एक बिस्कीट दिलं, डोक्यावर हात फिरवला, आणि पुरावा म्हणून हे पुरे आहे असं ठरवलं.

तर आता हे वाचून झालं असेल, तर एवढं करा. तुमच्या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणी बसलं असेल, ज्यांना हल्ली ऐकू येत नाही असं तुम्हा सगळ्यांचं एकमत झालंय, त्यांच्याकडे उठून जा. डाव्या बाजूनं हाक मारा. वळले नाहीत, तर उजव्या बाजूला जाऊन मारा. आणि त्या बाजूनं वळले, तर त्यांना डॉक्टरकडे न्या. पण त्याआधी मागच्या रविवारी त्यांच्यासमोर काय काय बोललात, ते एकदा आठवून ठेवा.